डाव्या दाराचा रंग

६ जाने., मंगळ
आशूची नोकरीची ऑर्डर आली. नेरूळच्या कॉलेजात २ फेब्रु.ला हजर व्हायचं. पोरीने पेढे आणले, चार मीच खाल्ले. गाडी तिला द्यायची हे मनात केव्हाच ठरलंय, पण या अवस्थेत नाही. अकरा वर्षं सोसायटीत उघड्यावर उभी. मरून रंग टपावर गुलाबी झालाय, बॉनेटचे पापुद्रे नखाने निघतात.
जेवताना म्हटलं, पेंट करून घेऊ. सुनंदा म्हणाली, रॅप करा, हल्ली सगळे तेच करतात. आशू म्हणाली, रॅपच, बाबा.
या मायलेकींचं पडद्यांवर एकमत व्हायला दीड महिना लागला होता. इथे भाकरी संपायच्या आत. आणि सु.ला रॅप हा शब्द कुठून ठाऊक?

७, बुध
रॅप म्हणजे काय ते आशूने मोबाइलवर दाखवलं. रंगीत व्हिनाइलचा पातळ कागद, गरम हवा मारून गाडीभर चिकटवतात. आतला रंग तसाच. पाच-सहा वर्षांनी सोलून काढायचा. मला हे वहीला कव्हर घातल्यासारखं वाटतं. दिसतं झकास, हे मान्य.

९, शुक्र
दुपारी सलीमभाईकडे. रबाळ्यात माझ्या डक्टच्या शेडच्या मागच्या गल्लीत त्याचं डेंटिंग-पेंटिंग. वीस वर्षांची ओळख, मी दुसऱ्याच्या शेडमध्ये पत्रे उचलायचो तेव्हापासूनची. गाडी बघायला बाहेरसुद्धा आला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "दादा, रॅप करून टाका. पेंटात काय ठेवलंय."
पेंटरच म्हणतो पेंटात काय ठेवलंय. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना? हसला, पण डोळे वर केले नाहीत. या माणसाने वीस वर्षांत साधी स्कूटरची डिकी परत पाठवलेली नाही.

११, रवि
नेरूळ. रॅपचं दुकान, एसी, काचा चकाचक. मालक तिशीतला, बोलायला गोड. बॉनेटवर टेप चिकटवून खेचली, टेपेबरोबर रंगाचं साल आलं. मग डाव्या मागच्या दारापाशी वाकून उजेडात बघत बसला.
"अंकल, हा दरवाजा कंपनीच्या पेंटचा नाय. रीपेंट आहे. उद्या रॅप काढताना रंग सोबत येणार, मग तुमी मला बोलणार. आधी पेंट करून घ्या."
मी म्हटलं, गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे, कधी ठोकलेली नाही. तो म्हणाला, असेल, अंकल. असेल म्हणायची ती पद्धत मला कळते. मीही गिऱ्हाइकाला तसंच म्हणतो.
पेंटवाला म्हणतो रॅप कर. रॅपवाला म्हणतो पेंट कर. धंदा कोणालाच नकोय? की माझ्या गाडीलाच काही झालंय?

१२, सोम
सकाळी पार्किंगमध्ये कोणी नाही बघून गाडी वाजवून बघितली. एसीचे डक्ट बनवण्यात जन्म गेला. पत्र्यावर बोट मारलं की गेज, म्हणजे जाडी, सांगतो, मागून गंज धरला असेल तर तेही. डावं पुढचं दार, टण्. उजवी दोन्ही, टण्. डावं मागचं, थप्. हातभर पट्ट्यात नुसतं थप्. आत पुट्टी, चांगली जाड.
कोणी जुनी गाडी घ्यायला बरोबर नेलं तर पहिलं हेच करतो. स्वतःची अकरा वर्षांत एकदा वाजवली नाही.
हात सलीमचाच. रंग असा जुळवणारा या पट्ट्यात दुसरा नाही.

१४, बुध
संक्रांत. सु.ने तिळगूळ दिला, मी घेतला, दोघं गोडच बोललो. डोक्यात मात्र ते दारच.
जुळवत गेलो. दोन वर्षांपूर्वी जत्रेला एकटाच एसटीने गावी गेलो होतो, साताऱ्याकडे, आठवडाभर. परत आलो तर गाडी धुऊन पुसून लख्ख. मी कौतुक केलं होतं. त्याच महिन्यात आशूने गाडी चालवणं सोडलं. रिक्षा बरी पडते म्हणाली, पार्किंग मिळत नाही म्हणाली. मी म्हटलं, आळशी झाली.
म्हणजे आशूने ठोकली. ठीक आहे, ठोकतात. पण लपवली का? मी कधी आवाज चढवलेला नाही या पोरीवर. आता तिला गाडी द्यायची म्हणतोय आणि ती किल्लीला हात लावत नाही. हे रंगाचं राहिलेलंच नाही.

१६, शुक्र
सलीमला सरळ विचारलं. त्याने चहा मागवला, भावाच्या आजारपणाचं बोलला, थंडीचं बोलला. मी चहा संपवला, उठलो नाही. शेवटी म्हणाला, "गाडी तुमची हाय दादा, पन काम वहिनींचं होतं. मी जबान दिलेली. तुमी घरी इचारा."
आता कळलं. पेंट करायचं तर यालाच ते दार पत्र्यापर्यंत घासावं लागणार, याचीच पुट्टी माझ्यासमोर निघणार. म्हणून रॅप. एवढं समजलं. चिडायचं कोणावर ते समजलं नाही.

१८, रवि
सकाळी आशूला घेऊन कोपरखैरण्यातच खाडीकडे फिरायला. म्हटलं, दार ठोकलंस ते सांगितलं असतंस तर खाल्लं असतं का मी तुला?
ती थांबली. "बाबा, मी बाजूला बसले होते. चालवत आई होती."
मग सगळं निघालं. मी गावी गेल्यावर सु. रोज सकाळी तिच्याकडून शिकत होती. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी वळताना डावी बाजू खांबाला घासत नेली. लागलं कोणाला नाही. सु.ने तिथेच शपथ घातली, यांना कळता कामा नये. त्यानंतर आशू गाडी घेऊन गेली की सु. ती परत येईपर्यंत गॅलरीत उभी. शेवटी आशूने किल्लीच ठेवून दिली.
पण मला सांगायला काय हरकत होती? आशू म्हणाली, "काकांकडच्या गणपतीत तुम्ही काय बोललात ते आठवतं?"
आठवेना. तिने सांगितलं. सु. म्हणाली होती, मलाही गाडी शिकायचीय. मी म्हणालो, हिला मिक्सरचं झाकण एका दमात बसवता येत नाही. सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्याने मी.

१९, सोम
पेंट म्हणजे दार उघडं पाडायचं, मला कळलंय हे तिला कळणार. रॅप म्हणजे झाकायचं, आणि ते टिकणार नाही ते वेगळंच. माहीत नसल्यासारखं करून पेंट करावं? माहीत आहे असं सांगून रॅप? कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येतो.
जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पेंटच करतो. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.
"डावं दार सोडून नाही का करता येत?"
आशू ताटात बघत राहिली. काय बोलून गेली ते सु.लाही ऐकू आलं असणार. मी म्हणालो, विचारतो सलीमला.

२३, शुक्र
चार दिवस घरात गाडी हा शब्द नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर. माणूस ओरडला की मला सोपं जातं, हे जड आहे. दोनदा बोलायला गेलो, दोन्ही वेळा तोंडात आधी जोकच आला. गिळला. जोक वगळून बोलायची मला सवयच नाही, हे पंचावन्नाव्या वर्षी कळतंय. धंदा सगळा त्यावरच उभा केला. घरही तसंच चालेल असं वाटलं होतं का?

२५, रवि
सकाळी पार्किंगमध्ये गेलो तर मागून सु. आली. बॉनेटचा एक पापुद्रा काढत उभी राहिली.
"सलीमभाईंनी सांगितलं की आशूने?"
"दारानेच. वाजवून बघितलं."
चुकलं म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "कागद लावा, नाहीतर पेंट करा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी मला शिकवा. आशूने नाही, तुम्ही. आणखी कुठे घासली तर सगळं एकदमच होईल."
आणि पर्समधून लर्निंग लायसन्स काढून दाखवलं. गेल्याच महिन्यातलं. मी मागितलंही नव्हतं.
थट्टा होती की नाही, चेहऱ्यावरून कळेना. कपडे वाळत घालायचे राहिलेत म्हणत वर गेली.
सलीमला फोन केला, महिनाभर थांब. का, म्हणाला. सांगता येईना. नेरूळवाल्यालाही तेच. आशू म्हणाली, मी सध्या रिक्षाने जाईन. फारच पटकन म्हणाली.
उद्या साडेसहाला, खाडीकडच्या रस्त्यावर. मी बाजूला बसणार. हसायचं नाही एवढं ठरवलंय. क्लच सोडताना गाडी पहिला आचका देईल तेव्हा काय होईल, सांगता येत नाही.