गाठीचा दोर

आई, आज मला शिसारी आली आणि ती घेऊन कुणाकडे जावं ते सुचेना, म्हणून तुला लिहितेय. बीडच्या ज्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते, तिथले मालक-सर आज माझ्या तासाला मधेच आत आले. विहिरीतून पोहरा वर येतो तसा लटकता दोर कमी होतो, हाताला लागणारं बल कमी होतं, म्हणून इंटिग्रेशन, असं मी समजावत होते. सरांनी तळहाताने फळा पुसला. "एवढा पसारा कावून, मॅडम? सुरुवातीचं बल, शेवटचं बल, सरासरी घ्या, अंतराने गुणा. झालं." उत्तर माझ्याइतकंच आलं. मागून एक पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "मॅडम बसस्टँडला जायलापण पार गावाबाहेर मांजरसुंब्यावरून नेतात बे." सगळे हसले, सरही.

मला एकदम शिरूर कासारची आपली विहीर आठवली. शाळेत जायच्या आधीपासून माझी शाळा तूच. काथ्याचा दोर वरच्या बाजूने कुजला, तेव्हा तू तेवढा कापून तिथे नायलॉनची बारीक दोरी गाठ मारून जोडलीस. बाया म्हणायच्या, "वर सून अन् खाली सासू झालीय गं तुझ्या दोराची." मला लाज वाटायची. तू मात्र माझ्या बारावीला, माझंच पुस्तक आधी स्वतः वाचून, त्याच दोरावर इंटिग्रेशन शिकवलंस. तू शेंदतेयस, मी काठावर उभी आहे, आणि तू धापा टाकत सांगतेयस, "आधी नखाएवढा तुकडा उचल. तेवढ्यात वजन बदलत न्हाई असं समज. त्याचं काम काढ, मग सगळ्याची बेरीज. अन् गाठ आली की थांब. गाठीच्या अलीकडं एक हिशेब, पलीकडं दुसरा."

म्हणून पुसलेल्या फळ्यावर मी तुझा दोर काढला. बारीक दोरी आधी वर येते, ओला जाड काथ्या जवळजवळ शेवटपर्यंत लटकत राहतो. बल सारखं उतरत नाही, आणि सरासरीने काम कमी भरतं. सरांनी दोन्ही उत्तरं पाहिली. मला बाहेर बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण असा दोर पेपरात येत न्हाई. उद्यापासून सगळीकडं सरासरीच शिकवा, न्हाईतर मी दुसरी मॅडम बघतो."

त्यांना कळलं नसतं तर मी पुन्हा समजावलं असतं. कळूनही ते असं बोलले, याची किळस येते. जेवताना तोच खडूने माखलेला तळहात डोळ्यांपुढे येत होता. ताट सरकवून उठले. सरासरीत जे काम कमी भरतं ते तुझ्या दंडांनी केलेलं आहे, आई. ते असं कसं पुसून टाकू देऊ?

उद्या मी पुन्हा तोच दोर काढणार आहे. नोकरी जाईल बहुधा, आणि तू असतीस तर आधी रागावली असतीस. हे तुला पोचणार नाही म्हणूनच एक सांगते. आज फळ्यावर ती गाठ मी, तेव्हासारखीच लाज वाटून, फार लहान काढली. मागच्या बाकांना ती दिसली नसावी.