यंत्राचा हवापालट

ती. मामांना,

वाकून नमस्कार केला आहे असे समजा. प्रत्यक्ष वाकलो की मला खोकल्याची ढास लागते. तुमचा दमा कसा आहे? मामींचे गुडघे? इकडे सगळे ठीक, म्हणजे लिहायची पद्धत आहे म्हणून ठीक.

"तुमच्या चौकातली हवा शुद्ध झाल्याचे पेपरात वाचले, तेव्हा कायमचा राहायला येतो," हे तुमचे पत्र मिळाले. मामा, पेपरातला तो आकडा माझ्याच सहीने गेला आहे. (तुम्ही कात्रण घरोघर दाखवलेत म्हणे. काय बोलणार!) आता तो कसा जन्माला आला ते ऐका.

आमच्या घरासमोर, पेट्रोलपंपाला चिकटून, आमची मोजणीची केबिन होती. छपरावरच्या नळीतून यंत्र हवा ओढते आणि तीत पेट्रोल-डिझेलच्या वाफा, म्हणजे हायड्रोकार्बन, किती ते सांगते. आकडा चौकातल्या मोठ्या बोर्डावर झळकतो. वर्षभर बोर्ड लाल. पंपाच्या टाक्यांतून वाफ सुटते तेवढी तरी अडवा, म्हणून मी साहेबांच्या हात धुऊन मागे लागलो होतो. शेवटी वरून पाहणीला माणसे येणार म्हटल्यावर साहेब हलले, आणि त्यांनी काय केले, तर केबिनला रंग दिला. आतून-बाहेरून, छपरासकट, ऑइलपेंट! (रंगारी जाता जाता नळीलाही निळा हात मारून गेला.) थिनरची वाफही त्याच जातीची, यंत्र तिलाही मोजणार, असे मी कळवळून सांगत होतो. साहेब म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? तुम्ही खिडकी उघडी ठेवा."

पाहुणे आले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आकडा असा चढला की बोर्डावर मावेना. सिग्नलला थांबलेल्यांनी नाकाला रुमाल लावले. (वर्षभर तीच हवा बिनतक्रार ओढणारे हे लोक!) मी पुढे होऊन खरे कारण सांगितले, की हा रंगाचा वास आहे. तिथेच मी माती खाल्ली. साहेबांनी ते वाक्य वरच्या वर झेलले, "म्हणजे वर्षभराचे आकडेही असल्याच कशाने तरी बिघडलेले!" पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि माझी वर्षभराची मोजणी रंगाच्या एका डब्यात बुडाली. यंत्राला निकोप जागा हवी म्हणून ते शहराबाहेरच्या रोपवाटिकेत हलवले. बोर्ड मात्र चौकातच राहिला. यंत्र तिकडे गुलाबांत बसून आकडे पाठवते आणि बोर्ड इकडे हिरवागार. मीही रोज तिकडेच जातो. दुपारी माझा खोकला थांबतो, संध्याकाळी घरी आलो की दारात हजर. हसावे की रडावे कळत नाही, बहुधा रडावेच.

तेव्हा अवश्य या. हवा उत्तम आहे. कचेरीच्या माणसाला याहून वेगळे लिहिता येत नाही.

तुमचा,
हवा मोजणारा भाचा

ता. क. येऊ नका.

ता. क. २. धाकटी हल्ली खोकत खोकतच उठते. काल खिडकीतून बोर्ड वाचून म्हणाली, "बाबा, हवा तर चांगली आहे, मग मलाच का असं होतं?" मामा, यंत्राचा हवापालट झाला, तिचा राहिला आहे. तुमची अंगणाकडची खोली तिला द्याल का? रविवारी आणून सोडतो. मामाआजोबांना सोबत हवी आहे, असे मी तिला सांगितले आहे. तुम्हीही तेच सांगा.