चोवीस मिलिमीटर

१४ मार्च, शनिवार

प्रिय अक्का,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. खोलीचं छत गळत होतं ते घरमालकाने एकदाचं दुरुस्त केलं. तुझ्या घरापासून चार थांब्यांवर राहतो आणि पत्र लिहितो, म्हणून हसशील. पण समोर बसून सांगायला गेलो की तू मध्येच बोलतेस आणि मी गप्प होतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

परवा गुरुवारी सकाळी सहाच्या सुमाराला मी मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसलो आणि स्टीलच्या फुटपट्टीने गवत मोजलं. दहा पावलं चाललो, पुन्हा मोजलं. असं चाळीस ठिकाणी. धुलाईच्या बाई मोज्यांची टोपली घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"काका, काही हरवलं का?"

"हो."

"सापडलं की सांगा," म्हणाल्या आणि गेल्या.

ती फुटपट्टी मास्तरांची. आमच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक काढले गेले हे तुला भावजींकडून कळलंच असेल. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून खेळाडू त्यांना मास्तर म्हणत. मी तेवीस वर्षं हे मैदान राखतोय आणि हे माझ्यासमोरचे अकरावे प्रशिक्षक. धुलाईच्या बाई म्हणतात, "माणूस बदलला तरी मोजे तेवढेच घाण."

प्रशिक्षक गेला की कॅन्टीनमध्ये प्रत्येकाकडे कारण तयार असतं. फार कडक होता, फार मऊ होता, जुन्या खेळाडूंना दुखावलं, नव्यांना खेळवलंच नाही. मी सगळी कारणं ऐकली आहेत. आमच्याकडे एकजण बादल्या लाथाडायचा, त्याने चषक आणला. म्हणून पुढच्या वेळी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारा शोधून आणला. तो नऊ सामन्यांत घरी गेला. एक इतका हळू बोलायचा की खेळाडू कान पुढे करून ऐकायचे, आणि तोही जिंकला. अक्का, हुशारीत यांच्यात फारसा फरक नव्हता. सामना सुरू झाला की प्रशिक्षक स्वतः काय करतो? बाकावरून उठतो, बसतो. त्याने सांगितलेलं जे काही व्हायचं ते तीस-चाळीस माणसांच्या हातून, त्याची पाठ वळल्यावर होतं. किंवा होत नाही.

मास्तर पहिल्याच आठवड्यात फुटपट्टी घेऊन माझ्या शेडवर आले. "काका, गवत चोवीस मिलिमीटर हवं, आणि सामन्याआधी पाणी. चेंडू पळाला पाहिजे."

मी तीस ठेवत आलोय. तळहात फिरवून उंची ओळखतो, आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणूस माझ्यापुढे फुटपट्टी धरतो! बोलले मात्र फार आदराने. उद्धटपणे बोलले असते तर मी दोन दिवसांत विसरलो असतो.

त्याच संध्याकाळी कप्तान आला. चौतीस वर्षांचा आहे, दोन्ही गुडघे बांधून खेळतो. "काका, सहा मिलिमीटर कोणाला दिसतात? चेंडू पळाला की मलाही पळावं लागतं हो!" तो हसला. मीही हसलो.

आता सावकाश वाच.

मास्तर रोज सकाळी गवत मोजायचे, पण मोजायचे ते बाकासमोर, जिथे सामन्यात ते उभे राहत. तेवढ्या जागेत मी चोवीस ठेवलं. वीस पावलं लांब, चार पावलं रुंद असा एक पट्टा. बाकी सगळं मैदान तीस. मैदानावर गडद-फिके पट्टे असतातच, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

सरावाचं मैदान गावाबाहेर आहे. तिथला माळी सांगितल्याप्रमाणे चोवीसवर कापायचा. संघ तिथे वेग शिकायचा आणि इथे येऊन चेंडू अर्धं पाऊल उशिरा पोचायचा. तेवढ्यात दुसऱ्याचा पाय मध्ये यायचा. बाहेरगावी आम्ही सहा सामने जिंकलो. घरच्या मैदानावर आठांपैकी एक. दोन नवी पोरं कुरकुरली, चेंडू चिकटतो म्हणून. कप्तान म्हणाला, "चेंडू नाही, तुमचे पाय चिकटतात." पेपरात आलं की मास्तरांना घरच्या प्रेक्षकांचं दडपण येतं. मी तो पेपर शेडमध्ये पूर्ण वाचला आणि यंत्राचं तेल गळतं तिथे अंथरला.

मशीन सुरू करण्याआधी मी चपला काढून हात जोडतो, तुला माहीत आहे. या सहा-सात महिन्यांतही एक दिवस चुकवला नाही. हात जोडायचे आणि मग उंचीचा स्क्रू तीसवर फिरवायचा. देव काही म्हणाला नाही. तो म्हणत नाही, हीच माझी सोय झाली.

एकदा मास्तरांनी विचारलंही, "काका, चेंडू अडतोय का हो कुठे?"

"खालून ओल धरलीय," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दाबाहेर ते गेले नाहीत.

शेवटच्या दिवशी बॅग घेऊन शेडच्या दारात आले. "आज मध्यावर मोजलं, काका."

मी तेलाची बाटली पुसत राहिलो.

"इतके महिने मी माझ्या पायांपुढचंच मोजत होतो," ते म्हणाले. फुटपट्टी देवाच्या तसबिरीशेजारी फळीवर ठेवली आणि गेले.

या सोमवारी भावजी क्लबचे सचिव म्हणून टाईप केलेला कागद घेऊन आले. महासंघाने क्लबकडे लेखी कारण मागितलंय. कागदात होतं की मास्तर मैदानाच्या माणसांचं ऐकत नसत, हट्टाने पाणी मारायला लावत, त्यांनी मैदान बिघडवलं. खाली माझ्या सहीची जागा. मास्तरांचं दुसऱ्या एका क्लबशी बोलणं चाललंय. हा कागद बाहेर गेला की त्यांना कोणी दारात उभं करणार नाही.

"तुला लिहायला जमायचं नाही म्हणून मीच तयार करून आणलंय," भावजी म्हणाले. "सही कर आणि मोकळा हो."

"हे खोटं आहे, भावजी."

"अरे, तो गेला! तुला इथेच राहायचंय ना?"

"राहायचंय."

"मग?"

मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय. चष्मा माझ्या खिशात होता. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनीच मला इथे चिकटवलं, त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची माझी पहिली वेळ, आणि तीही मला धड जमली नाही. म्हणून गुरुवारी मोजलं. आकडे हातात असले की मला धीर येतो का ते बघायला.

अजून एक गोष्ट उरली आहे आणि मी तीन पानं तिच्याभोवती फिरतोय. नोव्हेंबरात, घरचा तिसरा सामना हरल्यावर, मी भावजींच्या ऑफिसात गेलो होतो. बाकासमोरचा पट्टा, कप्तान, सगळं सांगितलं. विचारलं, आता चोवीसवर कापू का? ते संत्रं सोलत होते. म्हणाले, "राहू दे. हा माणूस वर्षभर काही टिकत नाही." त्यांच्या मनात दुसरा कोणी होता. मला तेव्हा हलकं वाटलं, अक्का. माझी चूक मी त्यांच्यावर ढकलत नाही, स्क्रू माझ्याच हातात होता. पण त्यांना माहीत होतं.

गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर खोटं लिहिता येत नसेल, खरं येतं. शुक्रवारी दोन पानं स्वतः लिहिली, दोन नकला केल्या. आज सकाळी एक महासंघाला, एक मास्तरांना रजिस्टरने टाकली आणि मगच क्लबच्या सभेला गेलो. आधी सभेला गेलो असतो तर टाकली नसती, माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

अकरा वाजता अध्यक्षांसमोर उभं राहून सगळं वाचून दाखवलं. भावजींचं नाव एकाच ओळीत आहे. ती ओळ मी त्यांच्याकडे बघून वाचली.

"तुझ्या बहिणीचं तोंड तरी आठवायचंस!" ते ओरडले.

"आठवलं. म्हणून ती ओळ दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही राजीनामा द्या."

"देणार नाही. मला काढा. पण काढताना खरं कारण लिहा, त्या माणसाच्या वेळी लिहिलं नाहीत तसं करू नका."

मी नमस्कार करून बाहेर आलो.

कप्तान मागोमाग आला. त्याला आता हंगामी प्रशिक्षक केलंय आणि उद्या घरचा सामना आहे.

"काका... उद्या गवत..."

"किती?"

"तीस," तो हळूच म्हणाला.

त्याचं चुकतंय, मला कळतं. पण बाकावर आता तो आहे. मी फुटपट्टी त्याच्या हातात दिली. "तीस म्हणालास, तीस मिळेल, या गोलपासून त्या गोलपर्यंत. मध्यावर जाऊन मोज. फक्त बाकासमोर आठवडाभर तो पट्टा दिसेल. कापलेलं गवत मला वाढवता येत नाही."

"लोक विचारतील, काका."

"विचारू दे. मला विचारायला सांग."

हे पत्र तुला मिळेपर्यंत दोन-तीन दिवस तू भावजींचंच ऐकलेलं असशील. त्यांनी सांगितलेलं खरं मानलंस तरी माझं दुसरं म्हणणं नाही. पण पत्र मिळालं की आठवड्याच्या आत मैदानावर ये आणि बाकासमोर बघ. मी दुपारी मशीन काढलं, चपला काढल्या, हात जोडले आणि सगळं मैदान तीसवर कापलं. त्या पट्ट्यावरून मशीन फिरवताना पात्याला काहीच लागलं नाही.

दार उघडलंस तर आत येईन, नाही उघडलंस तरी तुझाच,

धाकटा भाऊ