त्र्याऐंशी किलो, टॉलरन्स धरून

१ जानेवारी. सकाळी ७.१०

फॅक्टरीच्या को-ऑप सोसायटीची फुकट डायरी मिळाली. डाएटिशियन रंजनी मॅडमनी खाल्लेलं सगळं मोबाइलच्या ॲपवर टाकायला सांगितलंय. ॲप दर तासाला प्रश्न विचारतं. डायरी बरी, उलटून बोलत नाही.

परिस्थिती नोंदवून ठेवतो. क्षितिज, माझा धाकटा भाऊ, वय एक्केचाळीस. आयुष्यात दारूचा थेंब नाही आणि लिव्हर निकामी. नोव्हेंबरात त्याला परतवाड्याहून इथे चेन्नईजवळच्या आवडीला, आमच्या क्वार्टरमध्ये आणला, कारण यातले मोठे डॉक्टर चेन्नईत. घरातल्याच कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवावा लागणार. त्याचं लग्न झालेलं नाही, आई-बाबा राहिले नाहीत. उरलो मी आणि अकोल्याची बहीण मीनाक्षी. रक्तगट दोघांचाही जुळतो. पण तिला दोन लहान मुलं. मी डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगितलं, मी मोठा आहे, मी देणार. मीनाक्षी काही बोलायला गेली, तिला हातानंच गप्प केलं. मधुवंतीनं, म्हणजे आमच्या हिनं, पदर डोळ्यांना लावला. एकूण प्रसंग चांगला झाला.

अडचण एकच. माझ्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, आठ आठवड्यांत वजन ९१ वरून ८३ वर आणा, चरबी उतरेल, मग ऑपरेशन. मार्चच्या पुढे क्षितिजचं काय होईल ते सांगता येत नाही म्हणाले.

आठवड्याला एक किलो. हे काय टार्गेट आहे? बावीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. पार्ट केसाएवढा जास्त भरला तरी परत पाठवतो. मला कुणी शिस्त शिकवू नये.

संकल्प: पहाटे पाचला उठून दहा हजार पावलं. साखर बंद. तळलेलं बंद. रात्री भात बंद. आजपासूनच. (आज उठायला सात वाजले, पण काल ३१ होती.)

२ जानेवारी

पाचचा गजर वाजला. बंद झाला. कुणी केला ते स्पष्ट नाही.

३ जानेवारी. सकाळी ७

चाललो! सोबत शेजारचे शेषाद्रीराव, आमच्याच ड्रॉइंग ऑफिसमधून रिटायर झालेले. तंजावरचे मराठी, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं मराठी बोलतात, मधे मधे तमिळ पेरून. पावलं ३,२००. शेवट कॉफीच्या दुकानात. मेदुवडे कढईतून निघत होते. शेषाद्री म्हणाले, कोंजम, म्हणजे थोडंसं, चालतं. खरं आहे. वड्याला मधे भोक असतं, म्हणजे माल तसाही कमीच.

५ जानेवारी

रंजनी मॅडमचा फोन. पावलं विचारली. खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, एकदम मोठी उडी मारू नका, झेपेल असंच टार्गेट ठेवा, तेच टिकतं. बाई हुशार आहे. दहा हजारांचं पाच हजार केलं. मग विचार केला, झेपेल असंच म्हणजे किती? अडीच हजार केलं. आज २,६१०. टार्गेटपेक्षा जास्त! फार बरं वाटलं. मीनाक्षीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

९ जानेवारी. दुपारी

लंचमध्ये मोबाइलवर सहज वाचलं. देणाऱ्याचं ऑपरेशन आठ तास चालतं. पित्ताशयही काढून टाकतात. हे कुणी बोललंच नव्हतं. घाबरण्याचा प्रश्न नाही, फक्त नोंद करतोय.

कँटीनमध्ये पुरी-मसाला. दोन प्लेट.

११ जानेवारी

वजन ९१.६. काट्याला दोष आहे. हा काटा लग्नाच्या वेळचा, कॅलिब्रेशन एकदाही झालेलं नाही. असल्या मापावर मी फॅक्टरीत सही केली असती तर घरी बसलो असतो. रीडिंग अग्राह्य.

१७ जानेवारी

इथे राहण्यातला मोठा प्रॉब्लेम म्हणजे सण डबल. संक्रांतीचा तिळगूळ आपला, पोंगल यांचा. शेषाद्रींच्या बायकोनं, अलमेलूअम्मांनी, शक्करै पोंगल आणून दिला. गूळ, तूप, काजू. माणसं इतक्या प्रेमानं देतात, तोंडावर नाही म्हणायचं? सांस्कृतिक संबंध बिघडतात. मधुवंती म्हणाली, डबा चार जणांसाठी होता.

आमच्याकडे एखादा पार्ट मापात बसत नसेल आणि काम अडलं असेल तर डेव्हिएशन काढतात. म्हणजे चूक मान्य करायची, सही करायची आणि पुढे पाठवायचं. १४ ते १७ जानेवारीचं डेव्हिएशन मंजूर. सही: गजेंद्र.

२२ जानेवारी. सकाळी ६

क्षितिजला अंगाच्या खाजेनं झोप लागत नाही. पहाटे चारपासून जागाच असतो. आणि माझे बूट पुसून दारात ठेवतो. मी उठलो की बूट तयार, मोजे आत घडी करून. चाललास का, किती चाललास, वजन किती, एका शब्दानं विचारत नाही. त्यानं विचारलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळा झालो असतो.

डोळे हळदीसारखे झालेत त्याचे. बिनमिठाची खिचडी मुकाट्यानं खातो आणि मला म्हणतो, दादा, तुझ्या ताटातलं लोणचं नुसतं बघू दे.

आज बूट दारात दिसले. मागच्या दारानं चपला घालून दूध आणायला गेलो. वाटेत एक वडा.

२६ जानेवारी

झेंडावंदन. लाडू. राष्ट्रीय कार्यक्रमात लाडू नाकारणं दिसायला वाईट दिसतं. उरलेले संपवण्याची जबाबदारीही कुणीतरी घ्यायलाच हवी होती.

२ फेब्रुवारी. दुपारी

स्टोअर्समधल्या मोठ्या काट्यावर चढलो. हा कॅलिब्रेटेड, सर्टिफिकेट स्वतः वाचलं. रीडिंग ९१. आता हिशेब: सेफ्टी शूज दीड किलो. बेल्ट, किल्ल्या, मोबाइल, टिफिन मिळून दीड. म्हणजे ८८. टॉलरन्स, म्हणजे मापात चालवून घेतात तेवढा फरक, प्लस-मायनस दोन. म्हणजे मी ८६ सुद्धा असू शकतो. निम्म्याहून जास्त काम झालं की! स्टोअर्सचा व्यासराज म्हणाला, सर, टिफिन तर रिकामा होता. त्याला कामाला लावलं.

१० फेब्रुवारी

मीनाक्षी आली. मुलांना नवऱ्याकडे ठेवून, क्षितिजजवळ बसायला म्हणून. बारीक दिसते. मुलांमागे धावून झाली असणार. पहाटे पाचला उठून क्वार्टर्सना फेऱ्या मारते, तिला म्हणे झोपच येत नाही. तिच्यासाठी मुद्दाम म्हैसूरपाक आणला तर हातही लावला नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. नखरे. मीच संपवला, वाया जाऊ नये म्हणून.

क्षितिजच्या फाइलची कामं तिनं अंगावर घेतलीत. एक दिवसाआड मधुवंतीला घेऊन हॉस्पिटलला जाते. बरं झालं, मला चालायला वेळ मिळेल.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळी

क्षितिजच्या पोटातलं पाणी काढलं. चार लिटर. मी कॅनमध्ये बघितलं आणि बाहेर आलो. त्याचे दंड माझ्या मनगटाएवढे झालेत. हाच पोरगा परतवाड्याला मला कुस्तीत पाडायचा.

बाहेर आलो तो कँटीनमध्येच. काय खाल्लं ते आठवत नाही. टेबलावर तीन प्लेट होत्या.

१७ फेब्रुवारी

बस्स झालं. आजपासून खरोखर. डेव्हिएशन नाही, टॉलरन्स नाही, काही नाही.

२१ फेब्रुवारी. सकाळी ७.३०

चार दिवस! नाचणीची आंबील, भाजी, उकडलेली अंडी. रोज आठ हजार पावलं, मोजून. शेषाद्री मधेच बसले, मी चालत राहिलो. गुडघे ओरडताहेत, ओरडू देत. वजन ८९.७. त्याच काट्यावर, बूट काढून, व्यासराजच्या देखत! क्षितिजला सांगितलं. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी असाच चालत राहिलो तर होईल. होणार म्हणजे होणारच. आधीच सुरू करायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

२३ फेब्रुवारी

हॉस्पिटलात देणाऱ्यांसाठी मीटिंग. संमतिपत्र वाचायला दिलं. सहा पानं. तिसऱ्या पानावर लिहिलंय, हजारातले दोन-चार देणारे टेबलावरून परत येत नाहीत. मी दोनदा वाचलं. समोरची बाई समजावून सांगत होती, मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. शेजारच्या खुर्चीत मीनाक्षी होती. तीही वाचत होती, पेन्सिलीनं खुणा करत.

ऑफिसात आशिषनं तिरुनेलवेलीहून हलवा आणला होता. अर्ध्या किलोचा डबा. सर्वांसाठी होता.

२६ फेब्रुवारी. दुपारी २

स्कॅन झालं. वजन ९०.८. चरबी जिथे होती तिथेच.

डॉक्टरांना म्हटलं, अजून दोन आठवडे द्या, तीनच द्या, माझा ट्रेंड बघा, मधे चार दिवस मी करून दाखवलंय. त्यांनी मधुवंतीकडे बघितलं. मग म्हणाले, त्याची गरज नाही, मीनाक्षीचं सगळं ठरलंय, ४ मार्चला घेतोय.

तिच्या तपासण्या ६ जानेवारीपासून चालू होत्या. आधी नागपूरला, मग इथे. अवयवदानाच्या समितीची परवानगी झाली. तिच्या नवऱ्याची सही झाली. मधुवंतीला माहीत होतं, क्षितिजला माहीत होतं, रंजनी मॅडमना माहीत होतं. शेषाद्रींनासुद्धा माहीत होतं.

६ जानेवारी. माझा संकल्प तेव्हा पाच दिवसांचा होता.

२८ फेब्रुवारी

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, घरात तयारी चालू आहे.

आज मधुवंतीला विचारलं, मला सांगितलं का नाही. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही चालायचं सोडलं असतं, आणि वजन तुमचंही उतरायला हवंच होतं. रागानं नाही म्हणाली. भाजी निवडत म्हणाली. राग आला असता तर बरं झालं असतं.

क्षितिजकडे गेलो. म्हटलं, माफ कर. तो म्हणाला, दादा, तू पहिल्या दिवशी हो म्हणालास ना, मला तेवढंच पुष्कळ आहे. मग म्हणाला, मला तुझी भीती दिसत होती रे, लहानपणी विहिरीच्या काठावर उभा राहायचास ना, तसाच दिसत होतास.

त्यानं ओळखलं. मी नाही ओळखलं. की मीही ओळखलं होतं, ठाऊक नाही. डॉक्टरांनी मीनाक्षीचं नाव घेतलं तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो, सुटलो. लाज त्याच्या नंतर वाटली. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

४ मार्च. सकाळी ११.२०

हॉस्पिटल, तिसरा मजला. मीनाक्षीला साडेसहाला आत नेलं, क्षितिजला थोड्या वेळानं. तिच्या बांगड्या, कानातले आणि मंगळसूत्र माझ्या रुमालात, रुमाल खिशात. दर पाच मिनिटांनी हात लावून बघतो. तिचा नवरा समोर बसलाय, भिंतीकडे बघतोय.

सकाळी स्ट्रेचर दारातून आत घेताना मीनाक्षीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, मुलांबद्दल काही सांगेल. मी कान तिच्या तोंडाशी नेला. काल रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, ओठ सुकले होते. ती म्हणाली, दादा, तू पहाटेपासून उपाशी आहेस, आधी खाली जाऊन काहीतरी खाऊन घे.

खाली गेलो. चार इडल्या खाल्ल्या.