भातलावणीतले गाणे

रिहे, आषाढ वद्य पंचमी, सन १९२६

ती. जयसिंगदादा यांस नमस्कार.

आपण तीन पत्रांतून मी कसा आहे असे विचारलेत. कामाला जातो, इतकेच लिहिता येते. आपली बहीण सगुणा माघात गेली, तेव्हापासून जेवणाला चव नाही आणि रडूही आलेले नाही.

काल आमची भातलावणी होती. शेजारच्या खाचरात बायका गात होत्या; त्याच आमच्या बांधावर येताच गप्प झाल्या. दरवर्षी गाणे सगुणा उचलायची. माझे मन दुखू नये म्हणून त्या मुक्याने वाकून रोपे लावत होत्या. मला ते सोसेना. रोपांच्या मुठी खाली ठेवून मीच पहिली ओळ उचलली.

"अवो भावजी, ह्ये गाणं हाय व्हय? रेडा बुजंल की!" धोंडाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"मग तुमी म्हणा."

"म्हणू? सगुणाचंच हाय त्ये. चालंल तुमास्नी?"

"चालंल."

धोंडाबाईने गाणे उचलले, बाकीच्यांनी झेलले. मी मुठी देत राहिलो, आणि झेलणाऱ्यांत माझाही आवाज होता. डोळे कोरडेच राहिले. पण दुपारी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

सगुणाच्या जागी दुसरी गायली आणि मला भूक लागली, हे तिच्या भावाला कसे कळवावे? हे पत्र न धाडता घरच्या पेटीत ठेवतो. आपल्याला 'ठीक आहे' एवढेच कार्ड टाकीन.

आपला
कोंडिबा