लोखंडी पुलावरून परत

माय, वर्धेवरचा लोखंडी पूल पाडणं सुरू झालंय. एकेक तिरकी पट्टी गॅसनं कापतात आणि क्रेननं उचलून काठावर ठेवतात. कापसाच्या गाठी न्यायला इंग्रजांनी तो बांधला, त्याआधी पल्याडच्या शहरात जायला डोंग्याशिवाय इलाज नव्हता, हे तूच सांगायचीस. तुझे आजोबा त्याच्या रिबिटी, म्हणजे पट्ट्या जोडणारे जाड खिळे, ठोकायला होते म्हणे. पुढे बसगाड्या आल्या, ट्रक आले, पूल थरथरायला लागला तसे ट्रक बंद केले, आणि शेजारी सिमेंटचा पूल झाल्यावर यावर शेळ्या आणि सायकली तेवढ्या उरल्या. मी नव्या पुलाच्या कठड्याला टेकून बघत होते. काही वाटलं नाही.

तू पल्याडची. माहेरच्यांच्या मनाविरुद्ध या काठावर लग्न केलंस आणि तो पूल तुला बंद झाला. तुझे वडील गेल्याचं कुणीतरी दारात येऊन सांगितलं, तेव्हा तू भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकून माझा हात धरलास. आपण चालत निघालो. पुलाच्या मधोमध मामा उभा आहे.

"बाई, तू इथूनच वापस जाय."

"मले निस्तं तोंड पाहू दे."

"बाबानं तसंच सांगून ठेवलं होतं. मी काय करू?"

तू वाद घालत नाहीस. चपला काढतेस, पल्याड बघून हात जोडतेस, आणि मला म्हणतेस, "चाल." घरी येऊन तू चूल पेटवलीस. मी विचारलं, "माय, तू रडत काहून नाही?" तर म्हणालीस, "भाकर करपते."

परवा पूल बघताना शेजारी काठी टेकत एक म्हातारा येऊन उभा राहिला. मामाच. क्रेननं एक पट्टी काठावर ठेवेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "तुह्या मायले त्या दिवशी येऊ द्याले पायजे होतं."

मी म्हटलं, "हो."

"घरी येतं का, पोरी? चहा घेऊन जाय."

मी गेले. भिंतीवर तुझ्या वडिलांचा फोटो होता, नाक अगदी तुझं. त्याच्याखालीच मला खुर्ची दिली.

तू गेलीस तिथे हे पाठवायची सोय नाही, ते बरंच आहे. चहा चांगला होता, माय. मी आणखी अर्धा कप मागून घेतला.