कपाटाच्या दारावरचा कागद

२ मार्च

ह्यांच्या छापखान्यात आता आठवड्याला चारच दिवस काम. पगारही तेवढाच. ठीक आहे. रडायचं नाही, उधार आणायचं नाही.

पुढच्या महिन्यात दोन्ही मुलांचे वाढदिवस, अकरा दिवसांच्या अंतराने. थोरलीला जुनी सायकल हवी आहे. सायकलवाल्याने बाजूला काढून ठेवलीय, तीन हजार दोनशे. धाकट्याला होकायंत्र. ‘कुठे जायचंय रे तुला?’ ‘कुठे नाही. दिशा माहीत असावी.’ आठ वर्षांचा!

दोन्ही येणार. लिहूनच ठेवते.

४ मार्च

महिन्याचा खर्च मोठ्या कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला. भाडं, वीज, किराणा. मग कुणासाठी किती, तेही. थोरलीचा क्लास, धाकट्याचं दूध, त्याची शाळेची व्हॅन, त्याचा दम्याचा पंप. घरात लपवाछपवी नको. खाली जागा सोडली : प्रत्येकाने एक बचत सुचवायची. कुणी हसायचं नाही. सुचवलं की करायचं.

‘अर्थमंत्रीणबाई, जनतेचा चहा तेवढा ठेवा,’ हे म्हणाले. आणि लिहिलं — केस घरी कापणे. थोरलीने लिहिलं — शाम्पू बंद. मी — बस बंद. धाकटा पेन्सिल चावत उभा. ‘मला सुचतच नाही.’

सुचेल, म्हटलं. घाई नाही.

७ मार्च

शिवणाच्या दुकानात कामाला चालत गेले. पाऊण तास. ‘पाय बघ कसे सुजलेत,’ मालकीणबाई. सुजू देत. पँटी आखूड करणारे हात शाबूत आहेत.

१० मार्च

ह्यांचे केस कापले. छापखान्यात सगळ्यांनी विचारलं म्हणे — उंदीर लागले का?

दीडशे वाचले.

१५ मार्च

नणंद आली. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. ‘वहिनी, एवढ्याशा पोरांना कशाला ओढतेस यात?’

मी म्हटलं, कळू दे त्यांना. लहानपणी आम्हाला कुणी काही सांगत नसे, आणि मग एक दिवस एकदम घर बदलावं लागायचं. माझ्या मुलांचं तसं होणार नाही.

‘बघ बाई. तू काय ऐकतेस!’

नाहीच ऐकत. धाकटा आता बेरजा पटापट करतो. वीजबिलातली माझी चूक त्यानेच पकडली. हे काय वाईट झालं?

१९ मार्च

काल धाकट्याला दम लागला. पंप आठ दिवस आधीच संपला. नवा आणला, सायकलीच्या पैशांतून. कागदावरचा आकडा खोडताना तोंडातून निघून गेलं — ‘गेली बाई सायकल पुढे!’

‘जाऊ दे गं आई,’ थोरली म्हणाली. हसत म्हणाली. मग न्हाणीघरात बराच वेळ होती.

धाकटा अंथरुणात भिंतीकडे तोंड करून. झोपला असावा.

२० मार्च

पुढे जाणार नाही! मालकीणबाईंकडून शंभर शर्ट बटणं लावायला घरी आणले.

२४ मार्च

बोटांची टोचून टोचून चाळण झाली. पण सायकलीचे तेराशे जमले. उरले एकोणीसशे. होकायंत्र तर घेऊनसुद्धा ठेवलं. सायकलवाला म्हणाला, ‘वहिनी, अर्धे आत्ता द्या, अर्धे मागाहून.’ नको. पूर्ण पैसे देऊनच घंटी वाजवू.

२७ मार्च

धाकटा कालपासून दूध अर्धंच पितो. ‘पोट भरलं.’ शाळेतून चालत यायचं म्हणतो. मोठा होतोय. बरं वाटलं.

३१ मार्च

सकाळी एप्रिलचा कागद चिकटवला, सायकलीचे उरलेले एकोणीसशे धरून. संध्याकाळी कामावरून आले तर खालच्या मोकळ्या जागेत धाकट्याचं अक्षर. पट्टीने रेघा मारून.

‘मी मामाकडे राहीन. दूध ४२०. पंप ६५०. व्हॅन ५००. वह्या आणि फी ३५०. एकूण १९२०. ताईची सायकल येते. वीस उरतात.’

बेरीज तपासली. हातचासुद्धा चुकलेला नाही.